पुळणीवरचे पुरण

यंदा ज्येष्ठ अधिक आला आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एकाच महिन्याचे नाव लागोपाठ दोनदा छापलेले दिसले, की मला छपाईची चूक सापडल्यासारखे वाटते आणि हात नकळत लाल पेनाकडे जातो. तीस वर्षे शाळेत मराठी शिकवल्याचा हा परिणाम. वास्तविक ती चूक नसते. चंद्र आणि सूर्य यांची चाल जुळत नाही, म्हणून दर तीन वर्षांनी काळ आपल्याच वहीत एक दुरुस्ती करतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासणाऱ्या माणसाने या महिन्यात थोडे नम्र व्हावे, अशीच त्याची योजना असावी. मी तसा झालो, पण फार उशिरा, आणि तेही एका सासुरवाडीच्या हॉटेलात.

आमच्या हिंगोलीकडे याला पुरुषोत्तम मास म्हणणारे थोडे. बाकी सगळ्यांचा हा धोंड्याचा महिना. कणकेच्या पोटात पुरण भरून वाफवलेले गोळे म्हणजे धोंडे. ते जावयाला खाऊ घालायचे, त्याचे पाय धुवायचे, त्याला नवे कपडे करायचे. कारण या एका महिन्यापुरता जावई हा विष्णू मानला जातो. पुढच्या बत्तीस-तेहतीस महिन्यांत त्याला काय मानले जाते, हे विचारण्याचा प्रघात नाही. मी स्वतः अठ्ठावीस वर्षांचा जुना जावई आहे. दर अधिकात पाटावर बसलो. विष्णू झाल्यासारखे एकदाही वाटले नाही, जड झाल्यासारखे मात्र दर वेळी वाटले.

तरीही ऋतू म्हणून मला जो आठवतो, तो सहांपैकी कोणताच नाही. तीन वर्षांपूर्वीचा अधिक श्रावण आठवतो. त्या साली पाऊस हातचे राखून पडत होता. सोयाबीन गुडघ्यापर्यंत येऊन थांबले होते, हळदीची पाने वाऱ्यावर नुसतीच सळसळत होती, आणि धरणाच्या फुगवट्याचे पाणी मागे सरकून त्याने काठाचा एक लांबच लांब काळा पट्टा उघडा टाकला होता. त्या पट्ट्यावर दोन वास एकमेकांत मिसळलेले असत. एक तळ्याच्या गाळाचा, थंड आणि हिरवट; दुसरा गूळ, वेलची आणि जायफळ यांचा. आजही जायफळ किसताना मला पाण्याची लाट ऐकू येते. धरणाला लाट नसते, हे मला ठाऊक आहे.

तो पट्टा माझ्या सासुरवाडीचा. औंढ्याहून धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे गाव. बरीचशी जमीन पाण्याखाली गेलेली. उरलेली एक चिंचोळी पट्टी पाण्याला चिकटून. माझा मेहुणा दिगंबर विशीतच गोव्याला गेला होता. तिकडे समुद्राच्या वाळूत बांबू रोवून, वर झावळ्या शाकारून जी तात्पुरती हॉटेले उभी राहतात आणि ज्यांना शॅक म्हणतात, त्यांतल्या एकात भांडी घासता घासता तो आचारी झाला. अठरा वर्षे त्याने देशोदेशीच्या लोकांना मासे तळून वाढले. मग टाळेबंदी आली, किनारे ओस पडले, मालकाने हात जोडले, आणि दिगंबर एक पिशवी व एक लांब दांड्याचा झारा घेऊन घरी परतला. दोन वर्षे त्याने सोयाबीन केले. त्याचे मन लागत नव्हते. तो खुरपणीला बसला, तरी पाण्याकडे तोंड करून बसे.

एके दिवशी त्याने मला बांधावर नेले आणि हात लांब करून ती पट्टी दाखवली. म्हणाला, "दाजी, पानी ते पानीच. तिथं खारं, हितं गोडं. मानसाला पान्याकडं तोंड करून नुसतं बसायला आवडतं. बाकी समदं वरचं."

या वाक्यावर मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. जगातले सगळे पर्यटन त्याने त्या चार तुकड्यांत आटोपले होते. त्या वेळी मात्र मी विचार केला नाही. मी ताबडतोब पाठिंबा दिला. इतक्या तत्परतेने, की तो थोडा बावरला. कारण सांगायला हवे. ते सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

सासरे केव्हाच गेले होते. घरी फक्त माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना मामी म्हणतो. गोव्यात पर्यटक परतू लागले होते आणि शॅकच्या मालकाचे दिगंबरला फोन सुरू झाले होते. त्या सुमारास एका संध्याकाळी माझी पत्नी सुनंदा भाजी निवडता निवडता, आवाजही न चढवता म्हणाली, "दिगू परत गेला, तर आईला इकडेच आणायचं. तिची खाट तुमच्या खोलीत बसते. मी मोजली."

माझी खोली म्हणजे आठ बाय दहाची एक जागा. तीन भिंतींना पुस्तके, चौथीला खिडकी, मधे मी. संसारातली माझी सगळी शांतता त्या खोलीत साठवलेली होती. मामींविषयी माझ्या मनात आदर होता आणि आहे. पण त्या बोलतात. रेडिओशी बोलतात, कुकरशी बोलतात. मी वाचत बसलो, की शेजारी येऊन विचारतात, "मंग पुढं काय झालं?" मला उत्तर देता येत नसे, कारण माझ्या संग्रहातल्या बहुतेक पुस्तकांत पुढे काहीच होत नाही, आणि हे आपण इतकी वर्षे सहन केले, हे त्यांच्या त्या प्रश्नानेच मला प्रथम कळे.

सुनंदाच्या त्या वाक्यावर सज्जन माणसाने "अवश्य आणू" म्हटले असते. मी म्हणालो, "दिगंबरच्या हॉटेलाला आपण हातभार लावायला हवा." सुनंदाचे डोळे भरून आले. तिला वाटले, नवऱ्याला आपल्या माहेराचा जिव्हाळा आहे. मी तो गैरसमज दुरुस्त केला नाही. मुलांचे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केल्याशिवाय मला जेवण जात नसे. हा मात्र तसाच राहू दिला.

तेव्हापासून मी गोव्याच्या बातम्या वाचू लागलो. किनारे गजबजले, विमाने भरून येऊ लागली, हॉटेलांत जागा मिळेनाशी झाली, असे वर्तमानपत्रात आले, की शिक्षकांच्या खोलीत सगळे म्हणत, बरे झाले, बिचाऱ्यांचे दिवस पालटले. मी मान हलवत असे आणि आतून खचत असे. तिकडे किनाऱ्यावर एक पाहुणा उतरला, की इकडे माझ्या खोलीत खाटेचा एक पाय टेकला, असा माझा हिशेब. एका संपूर्ण राज्याच्या भरभराटीचे दुःख करणारा मराठवाड्यात तरी मी एकटाच असेन.

हॉटेलाच्या तयारीत मी स्वतःला झोकून दिले. दिगंबरच्या घराच्या बांधकामातली उरलेली दोन ट्रॉली वाळू त्याने पाण्याच्या कडेला पसरली. जवळा बाजारच्या सुताराकडून बाभळीच्या आठ आरामखुर्च्या करवून घेतल्या, अगदी किनाऱ्यावर असतात तशा: पाठ मागे झुकलेली आणि पाय लांब ठेवायला पुढे उंच फळी. वर कडब्याने शाकारलेल्या छत्र्या. हे सगळे त्याने केले. मी पाटी केली.

दिगंबरने नाव ठरवले होते 'दिगू बीच शॅक'. रंगाऱ्याने ते कच्चे लिहून रस्त्याच्या कडेला टेकवून ठेवले, आणि लोक थांबून वाचू लागले. आमच्याकडे हिंदी कानावर असते आणि जुन्या निजामी बोलीचे शब्द तोंडात असतात. त्यामुळे 'बीच' म्हणजे मध्ये, आणि 'शॅक' हा 'शक', म्हणजे संशय, असा सर्वांनी अर्थ लावला. औंढ्याचा एक टमटमवाला दिगंबरला फार काळजीने विचारून गेला, की तुम्ही आणि कोण, यांच्या बीच शक आहे.

मला संधी मिळाली. मी म्हणालो, आपल्या भाषेत इतका सुंदर शब्द असताना ही उसनवारी कशाला? समुद्रकाठच्या वाळूच्या पट्ट्याला मराठीत पुळण म्हणतात. मी एका कोऱ्या कागदावर, वळणदार अक्षरात, 'दिगंबर पुळण उपाहारगृह' असे लिहून रंगाऱ्याला दिले आणि शब्दाची व्युत्पत्ती सांगू लागलो. त्याने मोटारसायकल सुरू केली.

चार दिवसांनी पाटी आली. निळे पाणी, एक नारळाचे झाड, मावळता सूर्य, आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'दिगंबर पुरण उपाहारगृह'. मी बोट दाखवले. रंगारी अत्यंत नम्रपणे म्हणाला, "सर, लिहिताना तुमी घाईत होते वाटतं. पुळण लिहिलं होतं. म्या बराबर करून टाकलं. धोंड्याचा महिना तोंडावर हाय, लोकाला काय सांगता मंग?" जन्मात प्रथमच माझी वही कोणीतरी तपासली होती. सूर्यालासुद्धा त्याने पुरणपोळीला साजेसे दोन खरपूस डाग दिले होते.

पाटी बदलायला वेळ नव्हता. दिगंबरने उद्‌घाटन अधिक श्रावणाच्या पहिल्याच दिवशी ठेवले. अठरा वर्षांत त्याच्या पंचांगात दोनच महिने उरले होते, गर्दीचा आणि बिनगर्दीचा. पुढे एक श्रावण आणि त्यामागे आणखी एक श्रावण, असे दोन महिने आपल्या मुलखात मासळीकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही, हे त्याच्या ध्यानात आले नाही. माझ्या यायला हवे होते. पण माझे लक्ष व्याकरणाकडे होते.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कोणी आले नाही. मग कळमनुरीकडची एक जीप नागनाथाचे दर्शन घेऊन जाता जाता थांबली. गुडघे धरून उतरणारे एक वृद्ध गृहस्थ, मनगटाला प्लास्टर घातलेली त्यांची पत्नी, मुलगी, आणि नव्या कपड्यांत अवघडलेला, पुण्याकडे नोकरीला असलेला ताजा जावई.

वृद्धांनी विचारले, "धोंडे हायेत का?"

दिगंबर म्हणाला, "रोहू हाय. मरळ हाय. ताजी."

"अधिकात?" वृद्ध म्हणाले. एवढा एकच शब्द. पण त्यात एक पूर्ण धर्मसभा होती. मग त्यांनी पाटीकडे काठी रोखली. "मंग पुरण काहून लिहून राहिले?"

दिगंबरने माझ्याकडे पाहिले. मी पाण्याकडे पाहिले.

मामी लिंबाखाली बाजेवर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी त्या प्लास्टरकडे पाहिले, जावयाकडे पाहिले, आणि सूप बाजूला ठेवून उठल्या. म्हणाल्या, "दारात आलेला जावई उपाशी जात न्हाई. मंग तो कोनाचा का असंना. दिगू, डाळ टाक."

पुरणाला दोन तास लागले. मला वाटले, पाहुणे निघून जातील. ते गेले नाहीत. पाण्याकडे तोंड करून बसले, आणि दिगंबर म्हणाला होता तसे त्यांना बाकी काही लागले नाही. दूर एक बगळा एका पायावर उभा होता, वारा पाण्यावर सुरकुत्या पाडत होता, मागे पाट्यावर डाळ वाटल्याचा एकसुरी आवाज येत होता. ताजा जावई आरामखुर्चीत मागे झुकला आणि तोंड उघडे टाकून झोपला. कोणत्याही सासऱ्याच्या घरी त्याला एवढे मोकळे झोपता आले नसते.

धोंडे झाले. आता पाय धुवायचे. सासरे गुडघ्यांकडे पाहून कण्हले, आणि तेवढ्यात तो इतिहास घडला, ज्याचे श्रेय मला, दिगंबरला किंवा गोव्याला, कोणालाच नीट घेता येत नाही. आरामखुर्चीच्या उंच फळीमुळे जावयाचे पाय थेट सासऱ्यांच्या छातीच्या पातळीवर आले होते. त्यांना नुसते स्टूल घेऊन समोर बसायचे होते. त्यांनी सावकाश, सन्मानाने दोन्ही पाय धुतले, पुसले, गंध लावले, आणि मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "हे बेस झालं. वाकायचं कामच न्हाई."

गोऱ्या लोकांनी ऊन खायला काढलेली ती खुर्ची. तिचे खरे प्रयोजन हिंगोली जिल्ह्यात सापडेपर्यंत तिला इतकी वर्षे थांबावे लागले.

बातमी पसरली ती पुरणाची नाही, पाण्याचीही नाही. बातमी पसरली ती हीच, की तिथे जावयाचे पाय धुवायला वाकावे लागत नाही. आणि आमच्याकडे सासऱ्यांचे गुडघे ही एक सार्वत्रिक गोष्ट आहे. पुढच्या रविवारी तीन जीपा आल्या, त्याच्या पुढच्या रविवारी रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागल्या. टाळेबंदीत दोन वर्षे घरात कोंडून राहिलेली माणसे होती ती. सुरुवातीला ती बिचकत, विचारपूस करीत येत. नंतर बिनदिक्कत येऊ लागली. आठ खुर्च्यांवर आठ जावई ओळीने पहुडलेले, प्रत्येकाच्या पायाशी एकेक सासरा स्टुलावर, आणि मागे धरणात उतरणारे ऊन. एखाद्या परदेशी माणसाने ते दृश्य पाहिले असते, तर त्याला तो पायांचा दवाखाना वाटला असता.

तलाठीही आले. नदीच्या मुलखात कोणाच्या दारात वाळू दिसली, की चौकशी होतेच. त्यांनी विचारले, हा साठा कशाचा? दिगंबर अभिमानाने म्हणाला, "साहेब, हे बीच हाय." ते म्हणाले, "कशाच्या बीच?" मी पुढे होऊन पुळण हा शब्द समजावू लागलो, दिगंबरने त्याहून शहाणपणाने बांधकामाची पावती पुढे केली. तिच्यावर नजर फिरवून त्यांनी मान डोलावली. जाता जाता चुलीच्या वासाशी थबकले. पुढच्या रविवारी ते पुन्हा आले, पण कामावर नव्हते. नवी टोपी घालून, सासऱ्यांच्या मागून, डोळे खाली घालून आले आणि चौथ्या खुर्चीत पहुडले.

त्या ओळीकडे पाहताना मला वाटे, पर्यटक म्हणजे तरी दुसरे काय? तो जगाचा जावई. चार दिवस येतो, सगळे त्याच्यासाठी हसतात, त्याला आवडेल ते रांधतात, तो परत जाताना रस्त्यापर्यंत पोचवायला येतात, आणि वळणाआड दिसेनासा झाला की खाली बसून पाय चोळतात. तो आला नाही, तर मात्र घर सुने होते. दिगंबर टाळेबंदीतल्या समुद्राविषयी एकदाच बोलला होता. म्हणाला होता, लाटा येत होत्या, बघायला कोणी नव्हते, मग त्या काहून येऊन राहिल्या, असे वाटायचे. मला ते हसण्यावारी नेता आले नाही.

मी दर रविवारी जाई. चुका सुधारी. फळ्यावरच्या 'अमटी'ला काना देई, 'तुप' दीर्घ करी, आणि गर्दी मोजी. प्रत्येक जीपेसरशी माझी खोली दोन वीत रुंद होई. मामी चुलीपाशी घामाने निथळत असत, आणि मी त्यांच्या अखंड श्रमाकडे पाहून मनात म्हणे, चला, छान चालले आहे. हे वाक्य आज कागदावर उतरवताना माझे मलाच वाचवत नाही.

मधल्या एका बुधवारी शाळेत सुनंदाचा फोन आला. "आई येऊन राहिली," ती म्हणाली आणि घाईने फोन ठेवला. आमच्या बोलीत याचा अर्थ एवढाच, की आई येत आहे, वाटेत आहे. पण सुनंदाच्या तोंडची ती बोली मी लग्नानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच दुरुस्त्या करकरून घालवली होती. ती आता पुस्तकासारखे बोलते. त्यामुळे मी ते पुस्तकी अर्थानेच घेतले, की आई आली आणि राहिली. नववीच्या वर्गात समास शिकवता शिकवता मी खुर्चीत बसलो. मुलांनी पाणी आणले. संध्याकाळी घरी गेलो, तेव्हा मामी डोळे तपासून चहा पिऊन परतही गेल्या होत्या. टेबलावर माझ्यासाठी डब्यात चार धोंडे ठेवले होते. मी ते उभ्याउभ्याच खाल्ले. डबा मीच घासून ठेवला.

मग अधिक सरला. विष्णू एका दिवसात पुन्हा माणसे झाले. निज श्रावण लागला. औंढ्याला दर्शनाची गर्दी होती, पण ती उपवासाची. खुर्च्या रिकाम्या पडल्या. चार जोरकस सरी आल्या आणि काळ्या मातीने ती दोन ट्रॉली वाळू हळूहळू पोटात घेतली. गोव्याहून फोन आला. पोळा झाला, की निघतो, असे दिगंबरने कळवले.

सुनंदाने खाटेसाठी नवी गादी भरायला टाकली. मी त्याच दिवशी धरणावर गेलो.

दिगंबर छत्र्यांचा कडबा उतरवत होता. मी बोलायला लागलो. मातीचे ऋण, आईचे वय, स्थलांतराचे दुःख, यांवर इतके चांगले मी स्नेहसंमेलनातही बोललो नव्हतो. तो ऐकत होता. मध्येच त्याने नुसते विचारले, "दाजी, तुमाला काय तकलीफ हाय?" ज्या सुरात तो पाहुण्यांना मीठ हवे का विचारी, त्याच सुरात. मी भाषण तिथेच सोडले.

मी म्हणालो, "दिगंबर, मी तुझ्यासाठी आलेलो नाही. पाटीसाठी, हॉटेलासाठी, कशासाठीच आलो नव्हतो. मामी आमच्याकडे आल्या, तर त्यांची खाट माझ्या खोलीत पडेल. एवढ्यासाठी आलो."

तो इतका हसला, की त्याला छत्रीचा बांबू धरावा लागला. मग डोळे पुसून खाली बसला. "सांगितलं ते बरं केलं," तो म्हणाला. "पन म्या जाऊन राहिलो, दाजी. गर्दी आईच्या हाताची हाय. म्या हितं खुर्च्या हलवून राहिलो. माह्या हाताला मासा लागतो." त्याने कडब्याची पेंढी बाजूला सारली. "अन् आईचं म्हनाल, तर म्या, तुमी, अक्का, समदे तिची खाट उचलून इकडून तिकडं करून राहिलो. तिला कोनी इचारलं का?"

कोणी विचारले नव्हते. त्यानंतरही मी विचारले नाही. दिगंबर गेला. सुनंदा दर दिवाळीला आईला विचारत राहिली, आणि मामी कधी काढणीचे, कधी म्हशीचे, कधी शेजारणीच्या बाळंतपणाचे कारण सांगत राहिल्या. अशा प्रत्येक वेळी मी तिथेच बसलेला असे आणि गप्प असे. माझे गप्प बसणे हेही एक वाक्य होते, आणि मामींना ते पूर्णविरामासकट ऐकू जात होते, हे मला कळत होते. भरून आणलेली गादी माळ्यावर पडून राहिली.

जग मात्र आपापली सोय लावत होते. पावसाळ्यात समुद्र खवळतो, तिकडची शॅक उतरवून ठेवतात, आणि दिगंबर इकडे येतो. समुद्र बंद झाला, की आमचे हॉटेल उघडते. दसऱ्याला तो परत जातो. पाटी तीच आहे. पुळण म्हणजे काय, हे मला आजवर कोणी विचारलेले नाही.

यंदा अधिक भर उन्हाळ्यात आला, म्हणून दिगंबर लवकर आला. गेल्या रविवारी मीही गेलो. पाणी फार आत गेले आहे. काठाला भेगा पडल्या आहेत. तरी खुर्च्या भरलेल्या. हिंगोलीहून निघाल्यापासून एक वाक्य मी मनात तयार करत होतो. तीनदा खोडून पुन्हा लिहिले. मामी चुलीपाशी एकट्या सापडल्या, तेव्हा त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "मामी, आता तुम्ही आमच्याकडे राहायला या. मी मनापासून म्हणतो आहे."

त्यांनी फुंकणी खाली ठेवली. माझ्याकडे बराच वेळ पाहिले. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे असे सरळ पाहिल्याचे मला आठवत नाही; जावयाकडे तसे पाहायचे नसते.

"पुस्तकं कुठं ठेवसाल?" त्यांनी विचारले.

"माळ्यावर."

"अन् तुमी?"

"मी बैठकीत वाचीन."

त्यांनी लाकूड पुढे सरकवले. परातीतले पुरण ओल्या फडक्याने झाकले. पलीकडे कोणीतरी सासरा स्टूल मागत होता, दिगंबर धावत होता, कुठले तरी लेकरू पाण्याकडे जाऊ नये म्हणून त्याची आजी त्याला हाका मारत होती. मामी ते सगळे कान देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "न्हाई, जावईबापू. तिथं आले, तर म्या तुमची एकल्याची सासू. हितं आल्यागेल्या समद्या जावयांची सासू हाय. मोठी नोकरी सोडून लहानीवर कोन जाईल?"

मला खरोखर वाईट वाटले. ते वाईट वाटणे खरे आहे, याची खात्री करून घेण्यासाठी मी थोडा थांबलोही. पण छातीत तीन वर्षे धरून ठेवलेले काहीतरी त्याच वेळी, माझी परवानगी न घेता, बाहेर पडले असावे. कारण चुलीच्या तोंडाशी एक करडा ढग उठला.

मामींनी परातीवर पदरही धरला. वर न पाहता, अगदी मायेने म्हणाल्या, "हळू सोडा, जावईबापू. राख उडून राहिली."